गोठलेल्या दाराला कुलूप

शस्त्रक्रियेच्या आदल्या शनिवारी, दुपारच्या चहाच्या वेळी, सेवानिवृत्त दिवाणी न्यायाधीशांच्या राहत्या घरी, रस्त्याकडे खिडकी असलेल्या बाहेरच्या खोलीत, त्यांच्या स्वतःच्या हृदयाची सुनावणी भरली. पक्षकार दोन: थोरले जावई, हृदयाचे शल्यविशारद, आणि धाकटे जावई, भूलतज्ज्ञ. दोघेही एकाच रुग्णालयात, एकाच टेबलाभोवती काम करणारे. पीठासनावर, म्हणजे पाठीशी दोन उशा लावलेल्या आरामखुर्चीत, गुडघ्यांवर शाल घेऊन स्वतः न्यायाधीश. त्यांच्या पत्नी चहाचा ट्रे घेऊन दाराशी उभ्या होत्या. या प्रकरणात आपल्याला कोणीच पक्षकार केलेले नाही, ही त्यांची तक्रार होती आणि ती कोणीच दाखल करून घेतली नव्हती.

प्रकरणाची हकीकत अशी. हृदयातून शरीराकडे रक्त सोडणारी न्यायाधीशांची झडप चुनखडीसारखी कडक आणि अरुंद झाली होती. जिना चढताना त्यांना मध्येच थांबावे लागे, आणि थांबल्याचे कळू नये म्हणून ते प्रत्येक मजल्यावरच्या शेजाऱ्याची आस्थेने विचारपूस करीत. न्यायाधीश अलीकडे फार माणसाळले आहेत असे इमारतीचे मत झाले होते. जुनी झडप कापून नवी बसवायची, यावर दोन्ही जावयांचे एकमत होते. झडप बदलायची तर हृदय थांबवावे लागते. तेवढा वेळ शरीराला रक्त पुरवण्याचे काम यंत्र करते. हृदय थांबवणे हे काही फार मोठे कौशल्य नव्हे. थांबलेल्या हृदयाला रक्त मिळत नाही, अशा अवस्थेत ते जपणे आणि नंतर पुन्हा चालेल अशा स्थितीत मालकाला परत करणे, यात खरी विद्या आहे. आणि त्या विद्येचे दोन पंथ या एकाच घरात लग्न करून आले होते.

थोरले थंडीचे उपासक. गार द्रावणाने हृदय थांबवावे, भोवती बर्फाचा चुरा पसरावा, म्हणजे त्याची भूक मरते आणि न मिळालेल्या रक्ताची त्याला आठवण होत नाही, हा त्यांचा सिद्धांत. त्यांच्या शस्त्रक्रियागृहात परिचारिका भर उन्हाळ्यातही आतून लोकरी कपडे घालून येत आणि पाठीमागे त्यांना ‘बर्फवाले’ म्हणत. धाकटे औषधाचे प्रवर्तक. कॅल्शियमला पेशीच्या दारातच अडवणारे एक औषध असते. रक्तदाबासाठी असंख्य माणसे ज्या जातीच्या गोळ्या रोज गिळतात, त्याच जातीचे. ते त्या थांबवणाऱ्या द्रावणात मिसळले तर हृदय अधिक सुरक्षित राहते, असे त्यांनी उंदरांच्या हृदयांवर पडताळले होते, परिषदांत मांडले होते, आणि स्वतःच्या लग्नाच्या वाढदिवशी जेवणापूर्वी पाहुण्यांना पडद्यावर चित्रांसहित दाखवलेही होते. त्या रात्री सर्वांत आधी कोण उठून गेले, हे त्यांची बायको अजून विसरलेली नव्हती. तिचे स्वतःचे वडीलच ते.

दोघे एकमेकांचे साडू. साडूपणा हे नाते मोठे चमत्कारिक आहे: रक्ताचा संबंध नाही, मैत्रीची सक्ती नाही, तुलना मात्र जन्मभराची. आप्ताने आप्तावर शस्त्र चालवू नये असा त्यांच्या रुग्णालयाचा प्रघात होता. परंतु न्यायाधीशांनी हट्ट धरला, आणि या दोन जावयांच्या मध्ये पडण्यापेक्षा प्रघात मोडणे कमी त्रासाचे, असे रुग्णालयाच्या प्रमुखांनी अनुभवाने ठरवले.

उरले न्यायाधीश. त्यांनी आपल्या हयातीत किती दावे निकाली काढले हे सांगता येणार नाही, कारण त्यांनी निकाल असा क्वचितच दिला. ते तडजोड घडवून आणीत. दोन भावांनी एका शिवणयंत्रावर हक्क सांगितला, तेव्हा त्यांनी एकाला वरचे यंत्र दिले आणि दुसऱ्याला खालचे पायडल. दोघेही समाधानाने घरी गेले. शिवता कोणालाच येईना, पण दुसऱ्यालाही शिवता येत नाही हे पाहून प्रत्येकाची छाती भरून आली. न्यायाधीशांच्या हुकूमनाम्यांवर अपील फारसे होत नसे. त्यांचे चाहते याचे श्रेय त्यांच्या समतोल बुद्धीला देत. वकील म्हणत की मुळात जिंकले कोण हेच कळत नाही, मग अपील करायचे कोणी?

“बोला,” न्यायाधीश थोरल्यांना म्हणाले. “आणि मला समजेल असं बोला. निकाल देणारा मी आणि कापला जाणाराही मीच.”

“बाबा, हृदयाच्या प्रत्येक पेशीला दारं असतात,” थोरल्यांनी सुरुवात केली. “त्या दारांतून कॅल्शियम आत आलं की पेशी आवळते, बाहेर गेलं की सैल पडते. या आवळण्या-सोडण्यालाच आपण ठोका म्हणतो. रक्त बंद झालं की दारावरचा बंदोबस्त ढिला होतो. मग कॅल्शियम आत घुसतं आणि निघायचं नाव घेत नाही. पेशी मूठ आवळून बसते ती बसतेच.”

“भाडेकरूसारखं.”

“अगदी. म्हणून मी सगळं घरच गोठवतो. दारं जागच्या जागी गोठतात, आतली माणसं झोपतात, कोणाला काही लागत नाही. काम झालं की गरम रक्त सोडायचं. घर जागं होतं.”

“हरकत आहे,” धाकटे म्हणाले.

“तुमची पाळी यायची आहे.”

“बाबा, पाळी येईपर्यंत हे बर्फाचा डोंगर उभा करतील. गोठलेल्या दारालासुद्धा फटी असतात. कॅल्शियम काही स्वेटर विसरलं म्हणून परत जात नाही, ते हळूहळू शिरतंच. आणि खरा दरोडा थंडीत पडतच नाही. तो पडतो रक्त पुन्हा सोडल्यावर, घर गरम झाल्यावर. तेव्हा यांचा बर्फ कुठे असतो? बादलीत. माझं औषध तेव्हाही दारात उभं असतं.”

“तेच तर दुखणं आहे,” थोरले सासऱ्यांकडे वळले. “तेव्हाही ते उभंच असतं. गोठलेल्या दाराला वर आणखी कुलूप कशाला, बाबा? बर्फ वितळतो, दार मोकळं होतं, कुलूप मात्र तसंच. जास्त कॅल्शियम शिरू नये हे ठीक, पण जेवढं लागतं तेवढंही शिरलं नाही तर ठोका कशाच्या जोरावर पडणार?”

“ओसरतं ते. औषध आहे, पोलिसांचं सील नाही.”

“कधी ओसरतं?”

“ओसरतं.”

“गरम हृदयात ओसरतं. थंड हृदयात ते मुक्कामाला येतं, साडूबुवा. तुमच्या उंदरांची हृदयं गरम होती. बाबा उंदीर नाहीत.”

“उंदीर सुखी हो,” न्यायाधीशांच्या पत्नी कप खाली ठेवत म्हणाल्या. “मेले ते मेले, पण दोन दोन जावई नव्हते त्यांना.”

“विचारल्याशिवाय साक्ष देऊ नये,” न्यायाधीशांनी तंबी दिली.

“मला विचारणार कधी?”

“तुझी साक्षच नाही यात.”

“बरं. मग मला एवढंच सांगा, तुम्ही परत घरी आला नाहीत तर एकटं राहायचं कोणी? या बर्फानं की त्या औषधानं?”

या प्रश्नाला कायद्यात उत्तर नसल्यामुळे तो कामकाजातून वगळण्यात आला.

न्यायाधीशांनी डोळे मिटले. ते मिटले की काय होणार हे घरातल्या सर्वांना ठाऊक होते. “दोन्ही बाजू ऐकल्या,” ते म्हणाले, “आणि दोन्हींत तथ्य आहे.” त्यांच्या कोर्टात हे वाक्य उच्चारले गेले की वकील कागद आवरायला घेत. “तेव्हा अर्धी थंडी आणि अर्धं औषध.”

“अर्धी थंडी म्हणजे कोमट, बाबा,” थोरले म्हणाले. “कोमटात काहीच टिकत नाही. थंडी मी कमी करणार नाही.”

“आणि अर्धं औषध म्हणजे अर्ध्या दारांना कुलूप,” धाकटे म्हणाले. “चोराला अर्धी दारं रगड होतात. मी डोस कमी करणार नाही.”

“मग पूर्ण थंडी आणि पूर्ण औषध,” न्यायाधीश म्हणाले. “कोणावरच अन्याय नको.”

तडजोडीत दोन्ही पक्षांनी थोडे थोडे सोडायचे असते, असा समज आहे. येथे कोणीच काही सोडले नव्हते, आणि तरीही तडजोड झाली होती. न्यायाधीशांच्या कारकिर्दीतील ही सर्वांत परिपूर्ण तडजोड होती, कारण तिचा सगळा भार तिसऱ्यावर पडत होता आणि तो तिसरा तेच स्वतः होते.

या ठिकाणी थोरल्यांनी ‘नाही’ म्हणायला हवे होते. कुलपाची गोष्ट त्यांनीच नुकती सांगितली होती, आणि ती त्यांना खरी वाटत होती. पण ‘नाही’ म्हटले असते तर धाकटे भूल द्यायला उभे राहिले नसते. बायकोने आठवडाभर फक्त मुलांमार्फत संवाद साधला असता. आणि सासूबाईंनी ‘यांचंच खरं’ ही पदवी दिली असती, जी त्या घरात एकदा मिळाली की मरेपर्यंत काढून घेत नाहीत. शिवाय मनाच्या ज्या कोपऱ्यात माणूस स्वतःसुद्धा दिवा घेऊन जात नाही, तेथे त्यांना असेही वाटून गेले की हृदय जागे व्हायला थोडा उशीर झालाच, तर हा वाद एकदाचा मिटेल. त्यांनी चहाचा उरलेला घोट घेतला.

“तुम्ही म्हणाल तसं, बाबा.”

“माझीही हरकत नाही,” धाकटे म्हणाले. आपले औषध अखेर उंदरांच्या पंक्तीतून उठून सासऱ्यांपर्यंत पोहोचले, या आनंदात त्यांना थोरल्यांचे इतक्या सहज मान्य करणे मुळीच खटकले नाही.

ठरल्या दिवशी सकाळी न्यायाधीशांना टेबलावर घेतले. अशा शस्त्रक्रियेत रुग्णाच्या मानेपाशी आडवा पडदा बांधतात. पडद्याच्या एका बाजूला शल्यविशारद आणि उघडी छाती. दुसऱ्या बाजूला भूलतज्ज्ञ आणि रुग्णाचे डोके. हा पडदा जंतूंचा संसर्ग टाळण्यासाठी असतो असे पुस्तके सांगतात. येथे तो साडूंचाही टाळत होता. तिसऱ्या बाजूला हृदय-फुप्फुस यंत्रापाशी एक मध्यमवयीन बाई बसल्या होत्या. दोन्ही पंथांशी समान अंतर राखून नोकरीची इतकी वर्षे काढल्याबद्दल त्यांचा सर्वत्र आदर होता.

द्रावण सोडले. त्यात थोरल्यांची थंडी होती आणि धाकट्यांचे औषध होते. हृदय दोनदा चाचरले आणि थांबले. इतके स्वच्छ, इतके निमूट थांबणे त्या खोलीत क्वचितच कोणी पाहिले असेल.

“बघा,” धाकटे पडद्यावरून म्हणाले. “काय सुंदर थांबलंय.”

“थांबणं कोणालाही जमतं,” थोरले म्हणाले आणि कामाला लागले.

त्यांच्या हातांविषयी कोणाचेच दुमत नव्हते. धाकट्यांचेही नव्हते, आणि हेच त्यांचे शल्य होते. जुनी झडप खरवडून निघाली. नवी बसली. टाके एकापाठोपाठ एक, घाई नाही, पुनरुक्ती नाही, एखादा जुन्या वळणाचा माणूस पत्र लिहितो तसे पडले. मग हृदयाकडचे रक्त अडवून धरणारा महारोहिणीवरचा चिमटा काढला, गरम रक्त हृदयात परतले, फिकट पडलेला स्नायू पुन्हा लालसर झाला, आणि सर्वांनी वाट पाहिली.

हृदयाने काही केले नाही.

ते निरोगी दिसत होते. फुगलेले नव्हते, आवळलेले नव्हते. झोपलेल्या माणसाला उठवावे आणि त्याने डोळे न उघडता ‘ऐकतोय’ म्हणावे, तसे ते पडून राहिले.

“विश्रांती घेतंय,” धाकटे म्हणाले.

“कोणाच्या परवानगीनं?”

“उत्तम जपलेलं हृदय असंच दिसतं. माझ्या उंदरांचीही…”

“त्यांच्या नातेवाइकांना बाहेर जाऊन तोंड दाखवायचं नव्हतं तुम्हाला.”

“मशीन चालूच ठेवू ना?” यंत्रावरच्या बाईंनी विचारले. प्रश्न कोणाला विचारला हे कळू नये म्हणून त्यांनी तो छताकडे पाहून विचारला.

“ठेवा,” दोघे एकदम म्हणाले. त्या दिवसातील त्यांचे हे पहिले एकमत.

विजेचा झटका देऊन पाहिला. हृदय दचकले आणि पुन्हा आडवे झाले. हाताने हलकेच चोळून पाहिले. रक्तातून कॅल्शियम दिले. म्हणजे ज्याला दारात अडवण्यासाठी एवढा खटाटोप केला, त्यालाच आता मागच्या दाराने ‘या, बसा’ म्हणून बोलावले. त्याने थोडी धुगधुगी आली, पण वरच्या कप्प्यांतून निघालेला निरोप खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचेना. वरचे कप्पे आपल्या परीने चालू लागले. खालच्यांना कोणी काही सांगितलेलेच नव्हते.

थोरल्यांच्या कपाळावर, त्यांच्या स्वतःच्या थंडगार शस्त्रक्रियागृहात, घाम आला आणि परिचारिकेने तो टिपला. चहाच्या शेवटच्या घोटाबरोबर आपण नेमके काय गिळले होते, हे त्यांना आता लख्ख दिसत होते. वाद मिटण्याची चिन्हे होती. फक्त मिटणाऱ्यांत सासरेही धरले जातील, हा विचार त्यांनी त्या शनिवारी केला नव्हता.

“तारा,” ते म्हणाले.

हृदयावर दोन बारीक तारा टाकून त्या छातीबाहेर काढल्या आणि तात्पुरत्या पेसमेकरच्या लहानशा डब्याला जोडल्या. डब्याने हुकूम सोडला, हृदयाने ठोका दिला. पुन्हा हुकूम, पुन्हा ठोका. स्वतःचे मत नसलेल्या कारकुनाप्रमाणे ते निमूट काम करू लागले, आणि हळूहळू यंत्र बंद करता आले.

बाहेर बाकावर न्यायाधीशांच्या पत्नी आणि दोन्ही मुली बसल्या होत्या. थोरले आधी आले. “ऑपरेशन उत्तम झालं,” ते म्हणाले. त्यांच्या मागोमाग धाकटे. “हृदयाचं संरक्षण उत्तम झालं,” ते म्हणाले.

“आणि ते?” पत्नींनी विचारले.

जावयांनी एकमेकांकडे पाहिले.

“ते बॉक्सवर आहेत,” थोरले म्हणाले.

पुढचे दिवस अतिदक्षता विभागात गेले. न्यायाधीश शुद्धीवर आले, पाणी मागितले, उशी नीट करून घेतली, शेजारच्या खाटेवरच्या माणसाची विचारपूस केली. उशाशी डबा लुकलुकत होता. त्यांचे हृदय अजून डब्याच्याच हुकमतीखाली होते.

रोज सकाळी हृदयरोगतज्ज्ञ बाई येत. या त्याच रुग्णालयातल्या, परंतु कोणाच्याही साडू नव्हत्या, आणि त्यामुळे त्यांचे बोलणे सरळ असे. त्या डब्यावरची वेगाची चकती क्षणभर कमी करून पाहत, कागदावर उमटणारी रेघ पाहत आणि चकती पुन्हा जागेवर नेत. एके सकाळी त्यांनी कुटुंबाला बाजूला घेतले.

“दोनच शक्यता आहेत,” त्या म्हणाल्या. “एक, ते औषध अजून उतरायचं आहे. तसं असेल तर काही दिवसांत लय आपोआप परत येईल. दुसरी, झडप शिवताना एखादा टाका निरोप नेणाऱ्या तंतूंना लागला असेल. तसं असेल तर लय परत यायची नाही. मग कातडीखाली कायमचा पेसमेकर बसवावा लागेल, आणि त्यांना जन्मभर त्यावर राहावं लागेल.”

“कोणती खरी?” धाकट्या मुलीने विचारले.

“वाट पाहायची. लय आली तर औषध. नाही आली तर टाका.”

बाईंनी हे सहज सांगितले आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. आपण काय पेरून गेलो, याची त्यांना कल्पना नव्हती. दोन्ही साडूंच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आता सासऱ्यांच्या हृदयाच्या हवाली झाला होता. हृदय सुधारले तर औषध दोषी. हृदय कायमचे बिघडले तर टाका दोषी. थोरल्यांनी सासऱ्यांचे कल्याण चिंतावे आणि त्यातच आपलाही लाभ असावा, असा योग जुळून आला होता. धाकट्यांची मात्र पंचाईत झाली: जावई म्हणून जे मागायचे, ते शास्त्रज्ञ म्हणून मागता येईना.

थोरले दिवसातून अनेकदा येऊ लागले. फुले आणीत. पाय दाबून सूज पाहण्याच्या निमित्ताने पाय दाबीत.

“माझ्या मोठ्या जावयाला काय झालंय?” न्यायाधीशांनी पत्नीला विचारले. “लग्नातसुद्धा एवढा वाकला नव्हता.”

“त्याच्या टाक्याची काळजी आहे त्याला. तुम्ही मध्ये आलात एवढंच.”

धाकटेही येत, पण ते सासऱ्यांच्या तोंडाकडे न पाहता डब्याकडे पाहत. लुकलुक चालू दिसली की त्यांच्या खांद्यांवरचा ताण उतरे. एकदा घरी जेवताना ते म्हणाले, “कायमचा पेसमेकर म्हणजे काही फार मोठी गोष्ट नाही हल्ली. माणसं डोंगर चढतात.”

“बाबा जिना चढतील का ते सांगा,” त्यांची बायको म्हणाली.

“चढतील ना. उलट एका दृष्टीनं बरंच. लय पक्की राहते.”

“तुम्हाला नक्की काय व्हायला हवंय?”

“मला? मला खरं काय ते कळायला हवंय. आजवर बाराच्या भावात काढलं माझं काम साडूबुवांनी. उद्या लोक म्हणतील, औषधामुळे झालं.”

“म्हणजे बाबांचं हृदय चालू व्हायला नको.”

“मी असं कुठे म्हटलं?”

“म्हटलं नाहीत. पण जेवण आज बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलात. सकाळी लय आली नाही म्हणून.”

त्यांनी पानातला शेवटचा घास परत ठेवला. तो ठेवल्याने काही सुधारले नाही.

इकडे न्यायाधीशांच्या लक्षात सारे येत होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालमत्तेवरून माणसांच्या चेहऱ्यांत होणारे बदल त्यांनी वरच्या आसनावरून पाहिले होते. आता ते खालून पाहत होते. “मी पक्षकार नाही, न्यायाधीशही नाही,” ते पत्नीला म्हणाले. “मी मुद्देमाल आहे. पोटाशी चिठ्ठी बांधून ठेवलेला.”

“मुद्देमालाचं पुढे काय होतं?”

“निकाल लागेपर्यंत कोठडीत पडून राहतो. कधीकधी उंदीर खातात.”

“उंदरांचं नाव काढू नका इथे.”

त्या हसल्या, आणि मग पदर डोळ्यांशी नेऊन बराच वेळ खिडकीकडे पाहत राहिल्या. न्यायाधीशांनी त्यांचा हात धरला. डब्याच्या लुकलुकीकडे पाहत ते प्रथमच म्हणाले, “मला घरी यायचंय गं. याच्याशिवाय.”

दुसऱ्या सकाळी हृदयरोगतज्ज्ञ बाई आल्या तेव्हा सगळेच हजर होते. थोरले पायथ्याशी, धाकटे डब्याजवळ, दोन्ही मुली वडिलांच्या उशाशी, न्यायाधीशांच्या पत्नी खुर्चीत. बाईंनी चकती कमी केली. हुकूम देणारी लुकलुक मंदावली. रेघ सपाट झाली, आणि ती सपाट असताना त्या खोलीत कोणीही श्वास घेतला नाही. फक्त प्रत्येकाने तो निरनिराळ्या कारणासाठी रोखला होता.

मग रेघेवर एक टेकाड उमटले. डब्याने न मागितलेले. त्यामागून दुसरे, अंतर राखून तिसरे. बाईंनी चकती आणखी खाली नेली, शेवटी बंदच केली. टेकाडे येत राहिली, एकसारखी, कोणाला न विचारता.

“लय यांची स्वतःची आहे,” बाई म्हणाल्या. “उद्या एकदा पाहू आणि तारा काढून टाकू.”

न्यायाधीशांच्या पत्नींनी डोळे मिटून हात जोडले. थोरल्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरले, आणि ते आवरण्याचा त्यांनी थोडाफार प्रयत्नही केला. धाकटे डब्याकडेच पाहत होते. बंद पडलेल्या त्या दिव्याकडे ते असे पाहत होते की एखाद्या अनोळखी माणसाला वाटावे, आत्ताच येथे कोणीतरी गेले.

“अहो,” त्यांची बायको म्हणाली, “बाबांचं हृदय चालू झालं. चेहरा पडायचं काय कारण?”

“पडला नाही. मी विचार करतोय.”

“लय आली तर औषध,” थोरले मृदू आवाजात म्हणाले. “बाईंनी सांगितलंच होतं. टाके निर्दोष.”

“एका रुग्णावरून काही सिद्ध होत नाही,” धाकटे म्हणाले. “थंडीनंच औषध अडकवून ठेवलं असेल. थंडी नसती तर ते वेळेवर उतरलं असतं.”

“औषध नसतं तर अडकायला होतं काय?”

“तसं म्हटलं तर ऑपरेशनच नसतं तर…”

“बाबा,” थोरले म्हणाले, “आता तुम्हीच सांगा.”

“हो, बाबांनीच सांगावं,” धाकटे म्हणाले. कारण बाबांनी सांगितले की दोघांच्याही वाट्याला काहीतरी येते, हा त्यांचा आजवरचा अनुभव होता, आणि सध्या त्यांना अर्धेसुद्धा चालले असते.

न्यायाधीशांनी डोळे मिटले. “दोन्ही बाजू ऐकल्या,” ते म्हणाले, “आणि दोन्हींत…”

“नका,” त्यांच्या पत्नी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “परत नका. मागच्या वेळी दोन्हींत होतं, म्हणून मी इतके दिवस त्या दिव्याकडे बघत बसले.”

न्यायाधीशांनी डोळे उघडले. रेघ त्यांच्या उशाशी चालत होती. मग ते थोरल्यांना म्हणाले, “थंडीत हे औषध लवकर उतरत नाही, हे तुम्हाला त्या दिवशी माहीत होतं?”

“मी तसं बोललोही होतो, बाबा.”

“बोललात. मग मी दोन्ही करा म्हटल्यावर हो का म्हणालात?”

“तुम्ही म्हणालात म्हणून.”

“मी रोगी. मी काहीही म्हणेन. चाकू कोणाच्या हातात होता?”

न्यायाधीश धाकट्यांकडे वळले.

“आणि आत्ता माझी लय परत आली, तेव्हा तुम्हाला बरं वाटलं का?”

धाकट्यांनी उत्तरासाठी शब्द शोधले. परिषदांत त्यांना ते नेहमी सापडत. येथे त्यांची बायको समोर उभी होती.

“थोड्या वेळानं वाटलं असतं,” ते म्हणाले.

“ठीक आहे,” न्यायाधीश म्हणाले. “तेवढ्या थंडीत ते औषध घालायला नको होतं, हे धाकट्यांचं चुकलं. माहीत असून थोरले गप्प बसले, ही जास्त मोठी चूक. दोन्ही करा असं मी सांगितलं, तो मूर्खपणा माझा. यापुढे तुम्ही दोघांनीही माझ्या छातीला हात लावायचा नाही.”